हात माणसात येऊ दे

माझी आई पोराचा ताप बघायची, त्याची तिची एक रीत होती. आधी हात धुवायची. पदराला पुसून कोरडे करायची. मग चुलीपासून लांब सोप्यात येऊन बसायची आणि उजवा हात स्वतःच्या काखेत धरायची. कुणी घाई केली, "आगं बघ की लवकर," तर म्हणायची, "थांब, हात माणसात येऊ दे जरा."

बऱ्याच वेळानं तो हात पोराच्या पोटावर ठेवायची. कपाळाला क्वचितच लावायची. कपाळ वाऱ्याला असतंय, ते खोटं बोलतंय, असं तिचं म्हणणं. एवढ्यावरही ती निकाल द्यायची नाही. घरातल्या दुसऱ्या धडधाकट पोराला हाक मारायची, त्याच्या पोटाला तोच हात लावायची आणि परत आजाऱ्याच्या पोटाला. मग सांगायची, ताप हाय, न्हाईतर न्हाई. आम्ही भावंडं सात. विटीदांडू अर्ध्यावर टाकून 'धडधाकट' म्हणून पोट दाखवायला जायचा आम्हाला भारी राग यायचा. चुलते चेष्टेनं म्हणायचे, वहिनी ताप बघत्यात का बैलाचे दात?

आईला अंक वाचता येत नव्हते. घड्याळही कळत नव्हतं. तिच्या त्या रीतीत काय होतं, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मी हायस्कुलात गेलो ते 1973च्या सुमाराला. आठवीला विज्ञानाच्या सरांनी एकदा तीन घमेली मांडली. एकात सोसवेल एवढं गरम पाणी, एकात रांजणातलं गार, मधल्यात कोमट. मला पुढं बोलावलं. डावा हात गरमात, उजवा गारात. थोडा वेळ धरून ठेवायला लावलं आणि मग दोन्ही हात एकदम मधल्या घमेल्यात. डावा हात सांगू लागला पाणी गार आहे, उजवा म्हणतोय गरम आहे. पाणी एकच, माणूस एकच, आणि दोन हातांची दोन तोंडं.

सरांनी विचारलं, "कुठला हात खरा?"

मी म्हणालो, "उजवा, सर." का, तर जेवायचा हात तो. वर्ग खदाखदा हसला.

सर हसले नाहीत. ते म्हणाले, हात पाण्याचं सांगतच नाही. हात आधी कुठून आला आणि आता त्याची ऊब कुठं चालली, एवढंच सांगतो. मग त्यांनी काचेची नळी कोमट पाण्यात धरली, आम्ही सगळ्यांनी ओळीनं आकडा वाचला आणि तो सगळ्यांना सारखाच दिसला. इंग्लंडातल्या जॉन लॉक नावाच्या विचारवंतानंही एकच पाणी एका हाताला गार आणि दुसऱ्याला गरम कसं लागतं, हे सतराव्या शतकात लिहून ठेवलंय, असं मी पुढं गावच्या वाचनालयात वाचलं. पण मला तो धडा पुस्तकातून मिळाला नव्हता. माझ्या स्वतःच्या दोन हातांनी मिळाला होता. म्हणून तर पुढं जे केलं त्याला माफी नाही, असं मला बरीच वर्षं वाटत राहिलं.

1986 सालची गोष्ट. दिवाळी होऊन आमचं गुऱ्हाळ नुकतंच सुरू झालं होतं. कोल्हापूर भागातलं गुऱ्हाळ ज्यानं बघितलंय त्याला चुलवाणाची धग सांगायला नको. ज्यानं नाही बघितलं त्यानं एवढं समजावं, की जमिनीत खोदलेल्या भट्टीवर हजारभर लिटर रसाची काहील बसवलेली असते, खाली चुलव्या चिपाडं सारतोय, वर रस उसळतोय, आणि काठावरच्या माणसानं झाऱ्यानं मळी काढत राहायचं. एक आदण उतरलं की दुसरं चढतं. त्या दिवशी मळी काढायला मी होतो, सकाळपासून. तोंड, छाती, हात नुसते भाजून निघालेले. पण माणूस सरावतो. दुपारनंतर आपण तापलोय हेच कळेनासं होतं.

सांजच्याला घरची आली. विहिरीवरचं धुणं आटपून तशीच आली होती, कडेवर पोरगं. आमचा थोरला, तीन वर्षांचा. आई कार्तिकीला पंढरपूरला गेलेली.

"अवो, पोरगं तापलंय. हात लावून बघा की."

मी झारा टेकवला, धोतराला हात पुसला आणि पोराच्या कपाळावर ठेवला. गार लागलं. पाय चाचपले, ते तर खरोखरच गार होते.

"गार हाय की पोरगं. काय तरीच तुझं."

"न्हाई वो. दुपारपास्नं मलूल हाय. माझ्या हाताला चटका बसतोय."

आणि मग मी हसून तिला ते सांगितलं. तीन घमेल्यांचं. "तुझं हात पाण्यात गार पडल्यात. गार हाताला कोमट बी गरम लागतंय. आम्ही साळंत प्रयोग केलाय." गुळव्या, चुलव्या, चरकावरची दोन पोरं ऐकत होती. तिनं आपले हात एकदा बघितले. गेली.

रात्री दोनच्या सुमाराला आदण वाफ्यात ओतत होतो, तोवर पुतण्या पळत आला. पोराला आकडी आली होती. डोळे फिरवलेले, मान ताठ. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर घालून तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी दार उघडलं, नळी झटकून पारा खाली उतरवला, काखेत धरली आणि माझ्याकडं न बघता पोराचा दंड तसाच दाबून धरून बसले. भिंतीवर घड्याळ होतं. मी त्याच्याकडं बघत होतो. तीन मिनिटं, जास्तच. आयुष्यात मी बऱ्याच गोष्टींची वाट बघितली, पावसाची, कर्जमाफीची, निकालाची; तेवढी लांब कुठलीच झाली नाही. पारा एकशे चार पार करून थांबला होता.

त्या काचेच्या नळीला पोराइतकं तापायला तीन मिनिटं लागली होती. मला दोन श्वास पुरले होते.

मेंदूज्वर निघाला. जिल्ह्याच्या दवाखान्यात अठरा दिवस काढले, पाठीतलं पाणी तपासलं, इंजेक्शनं झाली. पोरगं वाचलं. घरी आल्यावर महिनाभरानं ध्यानात आलं, मागून हाक मारली तर ते वळत नाही. एक कान पूर्ण गेला होता, दुसऱ्यानं थोडं ऐकू यायचं. डॉक्टरांना मी विचारलं, सात-आठ तास आधी आणला असता तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. आधी येऊनही काहींचे कान जातात, उशिरा येऊनही काहींचे राहतात. चांगला माणूस होता तो. त्यानं खरंच सांगितलं असेल. पण 'सांगता येत नाही' हे उत्तर घेऊन माणसानं कुठं बसायचं?

तेव्हापासून मी हा प्रश्न उलटापालटा करतोय. दुसऱ्याची अवस्था आपल्याला कळली असं माणसानं कधी म्हणावं? आणि चुकलं, तर दोष किती धरावा?

लोकांनी समजूत घातली. हात तापलेला होता, त्याला तू काय करणार? बरोबर आहे. चुलवाणावर काम करणाऱ्याचा हात तापणारच, तो काही गुन्हा नाही. चुलव्याला विचारलं असतं, तर त्याचाही हात चुकला असता. पण चुलवा शाळेत गेला नव्हता. तो म्हणाला असता, मला कळत न्हाई बाबा, डागदराला दाखवा. मला ठाऊक होतं की हात फसवतो. दोन्ही हात फसवतात, हे मला वर्गापुढं उभं करून शिकवलं होतं. आणि ते ज्ञान मी फक्त तिच्या हाताला लावलं. तिचा हात गार, म्हणून तो खोटा. माझा हात सकाळपासून काहिलीवर, पण तो खरा. आठवीत 'उजवा' म्हणालो होतो, पुढं तेरा वर्षांनी तेच म्हणालो. तेव्हा वर्ग हसला होता. गुऱ्हाळात कुणी हसलं नाही. मालक बोलतोय म्हटल्यावर कोण हसतंय?

अडाणीपणा परवडला, असं म्हणायचा मोह होतो. पण तेही खरं नाही. शिक्षणाचा दोष नव्हता त्यात. तराजू घरात होता. त्यात मी दुसऱ्याचा माल तोलला, स्वतःचा नाही.

घरचीनं मला कधी बोल लावला नाही. एकदाच विषय निघाला, तोही फार वर्षांनी, थोरल्याच्या लग्नाच्या आदल्या रात्री. ती म्हणाली, "तुमचा हात तापला हुता, तुमाला कळलं न्हाई. पर माझ्या हाताला तर कळलं हुतं. मी का ऐकलं तुमचं?" मग थोड्या वेळानं, "तुमी धावी शिकल्याला. मला वाटलं, माझाच हात चुकत आसंल." मी धरून चाललो होतो की त्या रात्रीचं ओझं माझ्या एकट्याच्या डोक्यावर आहे. तीही दुसऱ्या बाजूनं वाहत होती. तिचा हात गार होता हे खरं, पण दुपारपासून ती पोराजवळ होती. पोरगं खात नाही, खेळत नाही, मान टाकतंय, हे ती बघत होती. तिच्याकडं हाताखेरीज आणखी चार साक्षीदार होते. मी तिला एका वाक्यात गप्प केलं, आणि तिनंच स्वतःच्या हाताची साक्ष काढून घेतली. असं किती बायकांच्या हातांचं होत असेल.

दुसरी एक गोष्ट मला कायम सतावते. त्या आधीही मी कितीदा असाच हात लावून 'काय न्हाई' म्हणालो असेन. ती पोरं सर्दीपडशातून बरी झाली आणि माझी चूक चूक म्हणून कुणाच्या ध्यानातही राहिली नाही. मोजण्यातली चूक तीच. एका वेळी विसरून गेलो, एका वेळी पोराचे कान गेले. मग दोष कशावर ठरवायचा, चुकीवर की परिणामावर? गावात आपण परिणामावर ठरवतो. विहिरीचं तोंड उघडं ठेवलं आणि काही झालं नाही तर तो विसरभोळा, बैल पडला तर तो नालायक. देवाच्या दारात तरी दोघांचा हिशेब एकच असावा असं वाटतं. पण बापाच्या मनात तो एक होत नाही, काही केल्या होत नाही.

थोरला पुढं सातवीपर्यंत शिकला. ओठ बघून बोलणं ओळखायला शिकला. आता बेचाळिशीच्या पुढं आहे. गुऱ्हाळ तोच चालवतो, आणि गुळव्याही तोच आहे.

ह्यात एक अडचण होती. गूळ झाला हे जुना गुळव्या कानानं ओळखतो. रस आटत आला की तो चाटूनं जरासा पाक घेऊन गार पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी करतो आणि काहिलीच्या काठावर मारतो. टण्ण वाजली की पाक आला, उतरवा. मऊ आवाज आला की आणखी जाळ. थोडं आधी उतरवलं तर गूळ बसत नाही, काकवीसारखा राहतो. थोडं उशिरा, तर करपतो, काळा पडतो, बाजारात भाव पडतो. थोरल्याला ती टण्ण ऐकू येईना. गोळीच्या ताठपणावरून बोटांनी ओळखायचा, पण त्याचं समाधान होत नव्हतं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी त्यानं लांब दांड्याचा थर्मामीटर आणला.

मला आवडलं नव्हतं. गुऱ्हाळात थर्मामीटर म्हणजे देवळात वजनकाटा. पण त्याच्याशेजारी बसून मी पाच-सहा हंगाम ते आकडे बघितले, आणि तेव्हा मला उष्णता म्हणजे काय हे पहिल्यांदा दिसलं. रस तापतो, आकडा चढतो, पाण्याच्या उकळीच्या जवळ आला की अडकतो. मग तासातासानं चिपाडं सारा, जाळ घाला, आकडा जागचा हलत नाही. एवढी आग जाते कुठं? ती पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. स्कॉटलंडमधल्या जोसेफ ब्लॅक ह्या माणसानं अठराव्या शतकात हे ओळखलं, की उष्णता किती घातली आणि तापमान किती झालं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चुलवाणाची ठिणगी उडून दंडावर पडते, ती काहिलीतल्या रसापेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते, तरी नुसती टोचते. रसाचा एक पळीभर शिंतोडा मात्र कातडं उतरवतो. पाणी निघून गेलं की मग आकडा भराभरा चढतो. 105-106ला काकवी, 116 ते 118ला गूळ. शेवटच्या दहा-बारा अंशांत सगळा खेळ. माणसाचंही असंच असतं, असं लिहायला हात शिवशिवतोय, पण माणूस म्हणजे काही काहील नाही, जाऊ दे.

आणल्यावर पहिल्यांदा थोरल्यानं तो थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरून तपासला, तर 98 दाखवला. शंभर पाहिजे. दुकानदारानं फसवलं म्हणून तो परत द्यायला निघाला होता. शाळेतले मास्तर म्हणाले, थांबा, आपलं गाव समुद्रापासून बरंच उंच आहे, इथं हवेचा दाब कमी, पाणी इथं 98च्या आसपासच उकळणार. थर्मामीटर खरं बोलत होता. आम्ही पुस्तकातल्या शंभराला धरून त्याला खोटं ठरवायला निघालो होतो.

थोरल्याची लेक आता कोल्हापुरात बी.एस्सी. करते. सुट्टीला आली की आजोबाचे प्रश्न तिच्या मागं लागतात. तिनं मला जे सांगितलं, त्यानं माझ्या डोक्यात लख्ख झालं. ती म्हणाली, "आजोबा, थर्मामीटर दुसऱ्याचं तापमान सांगतच नाही. तो फक्त स्वतःचं सांगतो."

मी म्हटलं, मग उपयोग काय त्याचा?

उपयोग असा, की तो दुसऱ्याला चिकटून राहतो. ऊब तापलेल्याकडून गाराकडं वाहते. पोराकडून पाऱ्याकडं. पारा तापत जातो, तापत जातो, आणि एका वेळी वाहणं थांबतं. दोघं सारखे होतात. त्याला औष्णिक समतोल म्हणतात. त्या क्षणी थर्मामीटरनं स्वतःचं सांगितलं काय आणि पोराचं सांगितलं काय, एकच. त्याच्या आधी बाहेर काढला तर तो खोटं बोलत नाही, पण तो त्याचं एकट्याचं सांगतो. आणि तो लहान असावा लागतो. वाटीभर पाण्यात लोखंडाचा मोठा गोळा बुडवला तर गोळाच पाण्याला आपल्यासारखं करून टाकेल. दुसऱ्यासारखं व्हायचं तर अंग थोडकंच पाहिजे. पूर्वी डॉक्टरांचे थर्मामीटर फूटभर लांब असत, रोग्याला वीस मिनिटं धरून बसावं लागे. थॉमस क्लिफर्ड ऑलबट ह्या इंग्रज डॉक्टरनं 1866-67च्या सुमाराला सहा इंची नळी केली, ती पाच मिनिटांत सांगू लागली. तेव्हापासून तो डॉक्टरांच्या खिशात गेला.

माझा हात मोठा. त्यात सकाळपासूनची धग साठलेली. पोराचं कपाळ केवढं? दोन श्वासांत त्यानं मला काय सांगावं? मी पोराचं तापमान बघितलंच नव्हतं. माझंच बघितलं होतं.

नातीनं आणखी एक नियम सांगितला. एखादी तिसरी वस्तू पहिलीशी समतोलात असेल आणि तीच दुसरीशीही असेल, तर पहिली-दुसरी एकमेकींशी समतोलात असतात, मग त्यांची कधी गाठ पडलेली नसली तरी. मी म्हटलं, हे तर कुठल्याही पंचाला कळतं. ती म्हणाली, म्हणूनच कुणी लिहून ठेवलं नव्हतं. उष्णतेच्या शास्त्राचे पहिला, दुसरा, तिसरा असे नियम ठरून गेले, आणि मग ध्यानात आलं की त्या सगळ्यांच्या आधी हे मानावं लागतं, नाहीतर तापमान ह्या शब्दालाच अर्थ नाही. आता आधीचा नंबर कुठून आणायचा? मग त्याला शून्यावा नियम म्हटलं. राल्फ फाउलर ह्या इंग्रज शास्त्रज्ञानं विसाव्या शतकात हे नाव रूढ केलं. पुढं ती म्हणाली, आकड्यांचं काय, ते माणसानं ठरवलेले. सेल्सिअसनं 1742 साली मोजपट्टी मांडली तेव्हा उकळत्या पाण्याला शून्य आणि गोठत्याला शंभर धरलं होतं, नंतर लोकांनी ती उलटी केली. पट्टी उलटी केली तरी जे सारखे होते ते सारखेच राहिले.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढं आई होती. काखेत हात धरून बसलेली. हात माणसात येऊ दे. चुलीची धग आणि पाण्याचा गारवा हातातून जाऊन तो माणसाच्या अंगाइतका होईपर्यंत ती थांबायची. पोट बघायची, कारण वाऱ्याला उघडं नाही. आणि तरी स्वतःच्या हातावर पूर्ण भरवसा नाही, म्हणून तोच हात धडधाकट पोराला लावायची. हातात काही खोट असलीच तर दोन्हीकडं सारखी पडेल, वजा होऊन जाईल. सरांनी हात खोटा आहे एवढं शिकवलं. खोट्या हातानं खरं कसं काढायचं, हे आईला येत होतं, आणि ते आम्ही चेष्टेवारी नेलं. ती त्या सांजेला घरी असती तर? पण ह्या 'तर'ला शेवट नाही. ती पंढरपूरला गेली होती आणि विठ्ठलाला दोष देण्याएवढा मी अजून निर्लज्ज झालेलो नाही.

एक मात्र अजून सुटत नाही. थर्मामीटर दुसऱ्याचा ताप जाणायला स्वतः तापतो. त्याला त्यासाठी फक्त वेळ द्यावा लागतो. माणसाला वेळ दिला तरी तो तेवढा रिकामा होतो का? माझ्या हातातली धग धुवून गेली असती. पण 'हिला काय कळतंय' ही जी धग होती, ती कुठल्या पाण्यानं धुतली असती? आणि ती मला तेव्हा जाणवतही नव्हती. सरावलो होतो. थंडीत पहाटे पहार उचलावी तर लोखंड बर्फासारखं लागतं आणि शेजारचा खोऱ्याचा लाकडी दांडा तसा लागत नाही. दोन्ही रात्रभर एकाच खळ्यात पडलेले, दोन्हींचं तापमान एक. लोखंड हातातली ऊब झटक्यात ओढून घेतं, म्हणून ते गार, एवढंच. आपण मात्र पहारीला शिव्या देतो. मी आयुष्यात किती माणसांना पहार समजलो आणि किती दांड्यांना मऊ म्हणालो, कुणास ठाऊक.

गेल्या हंगामात मी काहिलीजवळ बसलो होतो. पाक दाटला होता, बुडबुडे मोठे आणि जड होऊन फुटत होते. माझ्या डोळ्यांना कळलं, झालं. मी थोरल्याला हातानं खूण केली, उतरव. त्यानं माझे ओठही बघितले असतील. त्यानं थर्मामीटर पाकात धरला होता. दुसरा हात माझ्याकडं उभा केला. थांबा. चुलव्या माझ्याकडं बघायला लागला, मालक म्हणतोय उतरा, पोरगं म्हणतंय थांबा. आकडा 114वर होता आणि अजून चढत होता. दोन मिनिटं गेली असतील. मग त्यानं हात खाली घेतला आणि म्हणाला, त्याच्या त्या जरा मोठ्या आवाजात, "आबा, आता उतरवूया." गूळ पिवळाधमक बसला.

ह्या पावसाळ्यात मला कणकण होती. मी म्हटलं, काय न्हाई, भिजलोय तेवढंच. घरची चुलीजवळनं उठली. हात धुतले, पदराला पुसले आणि सोप्यात येऊन माझ्यापाशी बसली, उजवा हात काखेत. नात आतून डिजिटल थर्मामीटर घेऊन आली. "आजी, ह्याच्यानं लगेच कळतंय."

"आसू दे," ती म्हणाली. "ये हिकडं, तुझं पॉट बघू दे आदी."